वंशावळ-ग्रंथालयातील स्वयंसेवक आणि त्यांच्या सन्मानाचे स्वरूप : बेने इस्रायल समाजाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

७ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कोतवाल बुके, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे अशी जी कागदपत्रे एरवी कपाटांच्या तळाशी पडून असत, ती टेबलावर आली. त्यांतील काही मोडीत, तर काही निजाम राजवटीतील घसटत्या उर्दूत होती. हिंगोली जिल्ह्यासारख्या भागात ही दोन्ही वळणे वाचू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. नोंद सापडली तरी काम संपत नाही. नोंदीतील व्यक्तीपासून अर्जदारापर्यंतची वंशावळ पुराव्यानिशी जुळवावी लागते, आणि ती जात पडताळणी समितीपुढे टिकावी लागते. वंशावळ ही एका सबंध पिढीच्या शिक्षणाशी व नोकरीशी निगडित गोष्ट आहे, याचा प्रत्यय या निमित्ताने घरोघरी आला.

या पार्श्वभूमीवर जगातील अशा एका परंपरेचा विचार उद्बोधक ठरतो, जिने वंशावळीच्या साधनांसाठी स्वतंत्र ग्रंथालये आणि संस्था उभारल्या व ज्यांचा बहुतांश भार बिनपगारी स्वयंसेवकांनी वाहिला. ही परंपरा ज्यू समाजाची होय. तिचा एक धागा थेट मराठी भाषेशी जोडलेला आहे; कारण कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या नोंदी वाचायच्या तर मराठी आल्यावाचून गत्यंतर नाही. प्रस्तुत लेखात या ग्रंथालयांतील स्वयंसेवक नेमके कोणते काम करतात, त्या कामावर काय अवलंबून असते आणि त्याचा गौरव कोणत्या रीतीने व्हावा, या प्रश्नांचा ऊहापोह केला आहे.

वंशावळ-ग्रंथालयाचे कार्य

वंशाच्या लेखी पुराव्याची आस्था ज्यू परंपरेत फार जुनी आहे. बाबिलोनच्या हद्दपारीतून परतलेल्यांची जी गणती एज्राच्या ग्रंथात आली आहे, तीत काही कुटुंबांना आपली वंशनोंद दाखवता आली नाही म्हणून याजकपदापासून दूर ठेवण्यात आले, असा उल्लेख आहे. नोंद नसण्याची शिक्षा नोंद हरवणाऱ्याला होत नाही, ती त्याच्या वंशजाला भोगावी लागते. ही गोष्ट सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीही खरी होती.

आधुनिक अर्थाने ज्यू वंशावळशास्त्राची चळवळ मात्र अगदी अलीकडची आहे. अलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ या पुस्तकाने आणि १९७७ साली त्यावर आलेल्या दूरदर्शन मालिकेने अमेरिकेत पूर्वजशोधाची लाट उसळली. त्याच वर्षी डॅन रॉटनबर्ग यांचे ज्यू वंशावळींविषयीचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध झाले आणि न्यूयॉर्क येथे ज्यू जिनिअलॉजिकल सोसायटीची स्थापना झाली. १९८५ मध्ये ‘अवोतेनू’ हे नियतकालिक निघाले. या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘आमचे पूर्वज’ असा आहे. १९८७ मध्ये संगणकावरील एका सूचनाफलकाच्या रूपाने ‘ज्यूइशजेन’ सुरू झाले आणि २००३ मध्ये ते न्यूयॉर्कमधील ज्यू वारसा संग्रहालयाशी संलग्न झाले. या साऱ्या उपक्रमांत पगारी मनुष्यबळ थोडे आणि निवृत्त शिक्षक, गृहिणी, अभियंते, वकील असे हौशी अभ्यासक पुष्कळ, हे प्रमाण पहिल्यापासून कायम राहिले.

त्यांचे काम दुरून सोपे वाटते. जुन्या रजिस्टरातील नावे उतरवून घ्यायची, वर्णक्रमाने लावायची, मागेल त्याला शोधून द्यायची, एवढेच. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर निर्णय घ्यावा लागतो. एक साधा प्रश्न गावाचा. पूर्व युरोपातील एकच शहर ऑस्ट्रियाच्या अमलात लेंबर्ग, पोलंडच्या अमलात ल्वुफ आणि आज युक्रेनमध्ये ल्विव या नावाने ओळखले जाते. आजोबांनी सांगितलेले गाव नकाशात सापडत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची रांग लागत असे. ती ध्यानी घेऊन गॅरी मोकोटॉफ आणि सॅलिअ‍ॅन अ‍ॅमडुर सॅक यांनी १९९१ मध्ये वीस हजारांहून अधिक गावांची एक नामसूची प्रसिद्ध केली. हिंगोलीच्या वाचकाला ही अडचण परकी वाटू नये. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वीची कागदपत्रे परभणीच्या नावाने आहेत आणि १९४८ पूर्वीची हैदराबाद संस्थानाच्या नावाने. वसमत आणि बसमत एकच, हे आपण गृहीत धरतो. परगावच्या सूचीकाराला ते कोणीतरी सांगावे लागते.

दुसरा प्रश्न स्पेलिंगचा. अमेरिकेत १९१८ मध्ये एकस्व मिळालेली साउंडेक्स नावाची एक पद्धत होती. सारख्या उच्चाराची आडनावे एकाच सांकेतिक क्रमांकाखाली यावीत, हा तिचा उद्देश. पण ती इंग्रजी आडनावे डोळ्यांपुढे ठेवून रचलेली होती. तीत व्ही या अक्षराला अंक मिळतो, डब्ल्यू मात्र सोडून दिला जातो. परिणामी ‘दिवेकर’ हे एकच आडनाव एकाने व्ही घालून व दुसऱ्याने डब्ल्यू घालून लिहिले, की सख्खे भाऊ दोन निरनिराळ्या खणांत जाऊन पडतात. पूर्व युरोपातील ज्यू आडनावांचीही नेमकी हीच गत होत होती. मोकोटॉफ हे १९८० च्या दशकात पॅलेस्टाइनमध्ये कायदेशीररीत्या नाव बदललेल्या सुमारे अठ्ठावीस हजार व्यक्तींची सूची करीत असताना त्यांना हा दोष जाणवला. त्यांनी नवी पद्धत योजली, रँडी डाइच यांनी तीत सुधारणा केली आणि १९८५ पासून ती डाइच-मोकोटॉफ साउंडेक्स म्हणून रूढ झाली. तीत व्ही आणि डब्ल्यू यांना एकच अंक आहे. दोन्ही दिवेकर आता एका खणात येतात. पूर्व युरोपासाठी केलेली सोय रायगड जिल्ह्यातल्या आडनावालाही उपयोगी पडावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

बेने इस्रायलांच्या मराठी नोंदी

यंत्राची मजल येथेच संपते. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले; सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे ते कोकणात पसरले, तेलघाणी चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. ज्या गावी वसले त्या गावापुढे ‘कर’ लावून आडनावे झाली. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर, नागावचे नागावकर. आडनावात गाव कोरलेले असणे ही वंशावळकाराला लाभलेली मोठीच ठेव. पूर्व युरोपातील संशोधक जे वर्षानुवर्षे शोधत राहतो, ते येथे आडनावातच सापडते.

मात्र व्यक्तिनामांनी ही सोय पुन्हा हिरावून घेतली. बायबलमधील नावांना मराठी वळण लागले. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे समाजात सामाजी हसाजी दिवेकर म्हणून परिचित होते. ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, हे साउंडेक्सची कोणतीही पद्धत सांगू शकणार नाही. सॅम्युएलचा सामाजी आणि इझिकेलचा हसाजी होतो, हे ज्याच्या घरात तशी हाक मारली गेली आहे किंवा ज्याने शेकडो नोंदी पाहिल्या आहेत, तोच जाणतो. (त्यांच्या नावाची सॅम्युएल स्ट्रीट मुंबईच्या मांडवी भागात आहे. तेथील मशीद स्थानकाचे नावही या सिनेगॉगवरूनच पडले, असे मानले जाते. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळाला ‘मशीद’ असेच म्हणत. स्थानकावर रोज उतरणाऱ्यांना याची कल्पना क्वचितच असते.)

या समाजाच्या वंशावळीची प्रमुख साधने तीन : सिनेगॉगमधील विवाह व मृत्यूच्या नोंदी, केतुबा म्हणजे विवाहाचा करारनामा, आणि दफनभूमीतील शिळालेख. यांतील शिळालेख विशेष बोलके असतात. कबरीच्या दगडावर अनेकदा हिब्रू, मराठी आणि इंग्रजी यांपैकी दोन किंवा तीन भाषा शेजारी शेजारी असतात, आणि प्रत्येक भाषा आपापल्या रीतीने माहिती देते. हिब्रू रीतीप्रमाणे पुरुषाच्या नावापुढे ‘बेन’ म्हणजे ‘चा मुलगा’ असे म्हणून वडिलांचे नाव येते, तर स्त्रीच्या नावापुढे ‘बत’ म्हणजे ‘ची मुलगी’ असे म्हणून तिच्याही वडिलांचे. मराठी मजकुरात मात्र स्त्रीच्या नावानंतर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव लिहिण्याची प्रथा. एकाच स्त्रीच्या कबरीवर दोन्ही मजकूर असतील, तर हिब्रू ओळ तिचे माहेर सांगते आणि मराठी ओळ सासर. केवळ इंग्रजी ओळ उतरवून घेणारा सूचीकार दगडासमोर उभा राहूनही अर्धी वंशावळ तेथेच टाकून येतो.

स्त्रियांची नावे वंशावळीतून गळणे हा दोष सार्वत्रिक आहे. आपल्याकडील बहुतेक कुलवृत्तांतांच्या पटांवर मुलगी लग्न होताच नाहीशी होते. याला एक सुंदर अपवाद हिंगोली जिल्ह्याच्याच परिसरात आहे. परंपरेने नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. वारकरी परंपरेने नामदेवांचे सबंध घर नावानिशी जपले आहे. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई, चार मुलगे आणि त्यांच्या बायका लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. शिवाय घरात काम करणारी जनाबाई. सुनांची नावे सासरच्या पटावर आणि दासीचे नाव कुटुंबात मोजणारी ही नामावळी कोणत्याही कचेरीत तयार झालेली नाही.

शिळालेखावरील तारखेचाही उलगडा करावा लागतो. ज्यू कालगणनेचे वर्ष हिब्रू अक्षरांत लिहितात; प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते, आणि हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. ६६० वाचले तर ५६६० समजायचे आणि त्यातून ३७६० वजा करायचे, म्हणजे इसवी सन १९०० येते. पण ज्यू वर्ष शरद ऋतूत, तिश्री महिन्यात सुरू होते. त्यामुळे किस्लेव ५६६० मधील मृत्यू हा १९०० मधला नसून नोव्हेंबर-डिसेंबर १८९९ मधला असतो. त्यातही दिवस सूर्यास्तापासून मोजतात. संध्याकाळी निधन झाले असेल तर हिब्रू तिथी एक दिवस पुढची. आपल्याकडील जुनी कागदपत्रे हाताळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. हैदराबाद संस्थानातील फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, असे आपण ठोकळमानाने सांगतो. परंतु ते वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने फसली १३५० म्हणजे १९४० चा शेवट आणि १९४१ चा बहुतांश भाग. शाळेच्या दाखल्यात एका वर्षाचा फरक पडला म्हणून अर्ज अडकल्याची उदाहरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या बारकाव्याचे मोल वेगळे सांगायला नको.

वंशाचा पुरावा मागितला गेला तेव्हा

१९४८ नंतर बेने इस्रायल समाजातील बहुसंख्य लोक टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेले. तेथे त्यांच्या विवाहांचा प्रश्न उपस्थित झाला. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत असतात. या समाजाने कित्येक शतके इतर ज्यूंपासून दूर राहून काढली होती. त्या काळात त्यांचे घटस्फोट व विवाह धर्मनियमांप्रमाणे झाले होते किंवा नाही, अशी शंका काही धर्मगुरूंनी घेतली. मुख्य धर्मपीठाने १९६१ मध्ये तत्त्वतः विवाहाला मान्यता दिली खरी; तथापि १९६२ मध्ये जी नियमावली निघाली, तीत बेने इस्रायल वधू-वरांची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे म्हटले होते. कोकणातल्या खेड्यातून आलेल्या माणसाने पणजीच्या विवाहाचा कागद जेरुसलेममध्ये कोठून आणावा?

समाजाने याचा तीव्र निषेध केला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, धरणे धरले गेले, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, या प्रश्नाची दखल घेतली. बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, अशी भूमिका तेथे घेण्यात आली. त्यानंतर धर्मपीठाने नियमावलीतील ‘बेने इस्रायल’ हा उल्लेख वगळला.

हा विजय राजकीय होता, आणि तसा तो असणेच रास्त होते. कोणत्याही समाजाला समाज म्हणून संशयाच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्याय्यच. पण वैयक्तिक पातळीवर चौकशी टळली नाही तेव्हा ज्यांच्याजवळ केतुबा होता, सिनेगॉगचा दाखला होता, किंवा मुंबई-अलिबागच्या कोणा वृद्धाने जपलेली वही होती, त्यांची वाट सोपी झाली असणार, हे उघड आहे. अलीकडे आनुवंशिकशास्त्रानेही या प्रश्नाला हात घातला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने बेने इस्रायलांच्या जनुकांत ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वारशांचा लक्षणीय अंश असल्याचे दाखवून दिले. हे समाजाविषयीचे उत्तर झाले. अमुक स्त्री अमुक माणसाची नात होय, एवढे सांगायला मात्र आजही कागदच लागतो.

येथे एक सावधगिरीची नोंद करणे आवश्यक आहे. वंशावळ दार उघडते तशी बंदही करते. बेने इस्रायल समाजात एके काळी ‘गोरा इस्रायल’ आणि ‘काळा इस्रायल’ असा भेद पाळला जाई. दोन्ही बाजूंनी ज्यू वंश सांगणारे ते गोरे, आणि मिश्र विवाहाची संतती मानली गेलेले ते काळे. त्वचेच्या रंगाशी याचा संबंध असेलच असे नव्हते. भेद वंशाचा होता. जुन्या वहीत अशी खूण सापडली तर स्वयंसेवकाने ती जशीच्या तशी उतरवावी की गाळावी? आमच्या मते मूळ नोंद बदलण्याचा अधिकार उतरवून घेणाऱ्याला नाही. परंतु हयात व्यक्तींना जोडणारा भाग सर्वांसाठी खुला न ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. अनेक वंशावळ-संस्था हयात व्यक्तींचा तपशील झाकून ठेवतात, तो याच कारणाने. ज्या प्रांतात जातीची नोंद हाच वादाचा विषय आहे, तेथे हा विवेक अधिकच हवा.

केहिमकरांचे हस्तलिखित

स्वयंसेवकाच्या वाट्याला काय येते, याचे उदाहरण बेने इस्रायल समाजातच आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर हे या समाजातील शिक्षणप्रसाराचे एक अग्रणी. १८७५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या शाळेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला : परंपरेतील कथा, रीतिरिवाज, गावे, आडनावे, घराणी, लष्करात नाव कमावलेली माणसे, सिनेगॉगांची हकिकत. हे लेखन १८९७ मध्ये पुरे झाले. छापले गेले ते १९३७ मध्ये, तेल अवीव येथे, इमॅन्युएल ओल्सवांगर यांच्या पुढाकाराने. मधल्या चाळीस वर्षांत लेखक निवर्तले होते.

त्यानंतर बेने इस्रायलांवर ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांना केहिमकरांकडे यावेच लागले. त्यांची काही मते आज स्वीकारली जात नाहीत. कालनिर्णयाबाबत मतभेद आहेत. पण मत चुकले तरी नोंद टिकते. शर्ली बेरी आयझनबर्ग यांनी १९८८ मध्ये या समाजावर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नावातच ‘साधनग्रंथ’ असा निर्देश आहे. एका पिढीने गोळा करावे आणि तिसऱ्या पिढीने ते तपासून पुढे न्यावे, हा क्रम दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की स्पष्ट दिसतो. केहिमकरांचे हस्तलिखित त्या चाळीस वर्षांत गहाळ झाले असते, तर हा क्रम पहिल्याच पायरीवर तुटला असता. त्यांचा खरा सन्मान कोणी केला, असे विचारले तर उत्तर एकच देता येईल : ज्यांनी तो कागदांचा गठ्ठा सांभाळला आणि छापखान्यापर्यंत पोहोचवला त्यांनी.

सन्मान कोणत्या रीतीने व्हावा

आपल्याकडे निःस्वार्थ सेवेच्या गौरवाची एक ठरलेली पद्धत आहे. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, दोन भाषणे आणि वार्षिक अहवालात एक ओळ. या पद्धतीत आपुलकी असते, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिची मर्यादा एवढीच की तिचा कामाशी काही संबंध नसतो. श्रीफळाचे दुसऱ्या दिवशी खोबरे होते. ज्या रजिस्टराची सूची त्या माणसाने तीन वर्षे खपून केली, त्या सूचीवर त्याचे नाव कोठेही नसते.

ज्यू वंशावळ-संस्थाही समारंभ करतात. त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वार्षिक परिषदेत जीवनगौरवाबरोबरच वर्षातील उत्तम स्वयंसेवकाचाही पुरस्कार दिला जातो. पण समारंभाहून अधिक लक्षणीय अशी त्यांची एक सवय आहे : कर्त्याचे नाव कामालाच जोडण्याची. नाझी संहारात उद्ध्वस्त झालेल्या गावांची स्मृतिपुस्तके, ज्यांना यिझकोर पुस्तके म्हणतात, त्यांचे भाषांतर १९९० च्या दशकापासून स्वयंसेवक करीत आले आहेत. त्या भाषांतरांवर प्रकरणागणिक भाषांतरकाराचे आणि त्या पुस्तकाच्या समन्वयकाचे नाव असते. जेरुसलेम येथील याद वाशेम या स्मारकसंस्थेत मृतांच्या स्मरणार्थ जी साक्षपत्रे भरून घेतली जातात, त्यांवर मृत व्यक्तीच्या तपशिलाखाली ते भरून देणाऱ्याचे नाव, त्याचे मृताशी नाते आणि सही असते. अशी साक्षपत्रे सव्वीस लाखांहून अधिक आहेत.

यात सन्मान आहेच, शिवाय शास्त्रही आहे. साक्षपत्र मुलीने भरले की शेजाऱ्याने, यावरून त्यातील जन्मवर्षाची विश्वसनीयता ठरते. नोंद कोणी वाचली हे ठाऊक असेल, तर त्या वाचकाच्या सवयीही ध्यानात येतात. एखादा वाचक मोडीतील ‘द’ आणि ‘ट’ यांत गोंधळत असेल, तर त्याने केलेल्या सर्व नोंदी त्या दृष्टीने पुन्हा पाहता येतात. निनावी सूचीत एक चूक सापडली की सगळीच सूची संशयास्पद होते. म्हणून चांगल्या सूचीकार्यात दोघांनी एकमेकांचे न पाहता तीच नोंद उतरवायची आणि मतभेद झाल्यास तिसऱ्या अनुभवी व्यक्तीने निर्णय द्यायचा, असा शिरस्ता असतो. तिघांचीही नावे नोंदीबरोबर राहतात. ज्याचे नाव नोंदीला जोडले जाते, तो घाईने वाचत नाही, हा त्यातला आणखी एक लाभ.

सन्मानाचा दुसरा प्रकार म्हणजे कामाला वारस देणे. ग्रंथालयाच्या दृष्टीने अनुभवी स्वयंसेवक गेल्यानंतरची सर्वांत मोठी हानी त्याने कागदावर न उतरवलेल्या ज्ञानाची असते. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हे त्याला माहीत होते. त्याच्याबरोबर ते गेले. अशा समानार्थी नामांची कोष्टके त्याच्याकडून हयातीतच करून घेणे आणि त्याच्या हाताखाली एक-दोन तरुण बसवणे, याहून मोठा आदर त्याला दुसरा कोणता वाटणार? भारतात २०११ च्या जनगणनेत ज्यू लोकसंख्या पाच हजारांच्याही आत होती. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमध्ये वाढलेल्या पिढीला मराठी वाचता येईलच असे नाही, आणि कोकणातील दगडावरचा हिब्रू मजकूर वाचणारे स्थानिक लोक विरळ होत चालले आहेत. दोन्ही लिप्या जाणणारा माणूस हाच येथे दुर्मीळ ग्रंथ आहे.

हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांपुरते

अशा स्वरूपाचे काम आपल्या ग्रंथालयांना अशक्य नाही. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. जागा, एक कपाट, एक संगणक आणि चिकाटी लागते. महाविद्यालयाच्या परिसरातील गावांच्या जुन्या कागदांच्या प्रती, कुटुंबांनी जपलेल्या वंशावळी, नाशिक-त्र्यंबक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून उतरवून आणलेल्या नामावळी आणि दफनभूमी-समाध्यांवरील मजकूर यांचा संग्रह एका विभागात करता येईल. कब्रस्तानातील उर्दू-फारसी मजकूरही त्यातच यावा. हिंगोली हे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हैदराबाद कंटिन्जंटचे ठाणे होते, त्यामुळे येथल्या नोंदींचे काही धागे थेट ब्रिटनपर्यंत जातात. १९९८ मध्ये तेथे स्थापन झालेली ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ ही संस्था ब्रिटिश अमदानीतील कुटुंबांच्या अशाच नोंदी स्वयंसेवकांकरवी उतरवीत आली आहे.

दाखल नोंदवहीत आपण ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत असे रकाने आखतो. या विभागासाठी आणखी चार रकाने पुरेसे होतील : मूळ कागद कोणाकडून मिळाला, कोणी वाचला, कोणी तपासला, आणि दुरुस्ती झाली असल्यास ती कोणी व कोणत्या आधारावर केली. शेवटचा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहील. तरीही तो असावा. वाचणारा विद्यार्थी असेल तर त्याचे नाव आणि वर्ष, गावातील वृद्ध असेल तर त्याचे नाव आणि त्याला मोडी किंवा उर्दू कोठे शिकायला मिळाली तेही लिहावे, म्हणजे त्याच्या वळणाचा उगम पुढच्या वाचकाला कळेल.

२०२३ पासून ज्यांनी तहसील कार्यालयांत बसून ही दप्तरे वाचली, ते मोडी आणि उर्दू जाणकार बरेचसे वयोवृद्ध आहेत. त्यांनी काय काय वाचले, कोणत्या गावचे कोणते रजिस्टर त्यांच्या हातून गेले, कोणती पाने फाटलेली होती, कोणत्या नावाचे किती निरनिराळे लेखन आढळले, याची माहिती शासकीय अहवालाच्या आकड्यांत मावणारी नाही. ती अजून त्यांच्या स्मरणात आणि वह्यांच्या मागच्या पानांवर आहे. चार रकान्यांपैकी पहिले दोन त्यांना विचारून या वर्षीच भरता येतील. तिसऱ्या रकान्यासाठी मोडी वाचू शकणारी दुसरी माणसे तयार करावी लागतील, आणि त्यांना शिकवायलाही हीच मंडळी लागतील.